मांजराची निगा : जे अंगावर, ते पोटात

मांजर हा स्वच्छताप्रिय प्राणी मानला जातो आणि ही ख्याती खोटी नाही. जागेपणीचा बराचसा वेळ ते स्वतःचे अंग चाटण्यात घालवते. ‘मांजराची वेगळी निगा ती काय राखायची, ते आपले आपण पाहते’ हा समज त्यातूनच रूढ झाला. दुसरीकडे, शहरांतील सदनिकांमध्ये लांब केसांची पर्शियन मांजरे पाळण्याची हौस वाढली, तसे कुत्र्यांसाठीचे शाम्पू, गोचिडांच्या पावडरी आणि सुगंधी फवारे मांजरांवरही वापरले जाऊ लागले. दुर्लक्ष आणि अतिउत्साह या दोहोंची किंमत मांजरालाच मोजावी लागते.

घरच्या घरी निगा राखताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे मांजराच्या अंगावर जे पडते, ते चाटण्यातून त्याच्या पोटात जाते. दुसरी म्हणजे मांजर आपले दुखणे लपवते. डोळ्यांना न दिसणारी गाठ, जखम किंवा उतरलेले वजन नियमितपणे अंगावरून फिरणाऱ्या हाताला मात्र वेळीच कळते. फणी, नखांची कात्री आणि आंघोळ यांचा विचार या दोन गोष्टी धरूनच करायला हवा.

जीभ हीच फणी

मांजराची जीभ हाताला खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. आपली नखे ज्या केराटिनची बनलेली असतात, त्याचेच हे काटे असतात. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधक अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या काट्यांची टोके पोकळ, पन्हळीसारखी असल्याचे दाखवून दिले. या पन्हळीत लाळ भरली जाते आणि ती केसांच्या थरातून थेट कातडीपर्यंत पोहोचते. मळ निघतो तो यामुळेच. लाळ वाळताना शरीराला थंडावाही मिळतो. मांजराला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या गाद्यांना, त्यामुळे उन्हाळ्यात हा थंडावा महत्त्वाचा ठरतो.

या रचनेला दोन मर्यादा आहेत. पर्शियन मांजराचे केस इतके दाट आणि लांब असतात की जिभेचे काटे कातडीपर्यंत पोहोचू शकत नाहीत. अशा मांजराला माणसाच्या हाताची मदत लागतेच. दुसरी मर्यादा सर्वच मांजरांना लागू आहे. काटे आतल्या बाजूला वळलेले असल्याने जिभेवर आलेला केस थुंकून टाकणे मांजराला जमत नाही, तो गिळावाच लागतो. बहुतेक केस विष्ठेवाटे बाहेर पडतात. उरलेल्यांचा पोटात लांबट गोळा होतो आणि मांजर तो ओकून टाकते. अधूनमधून असा गोळा पडणे चिंतेचे नाही. मात्र, मांजर वारंवार उमासे काढत असेल आणि काहीच बाहेर पडत नसेल, खाणे सुटले असेल किंवा शौचास होत नसेल, तर आतड्यात अडथळा आल्याची शक्यता असते. मान पुढे ताणून, जमिनीलगत बसून येणारी उबळ ही केसांच्या गोळ्याची नसून दम्याचीही असू शकते. तिचे मोबाइलवर चित्रण करून पशुवैद्यांना दाखवल्यास निदान सोपे होते.

फणीत निघालेला प्रत्येक केस मांजराच्या पोटात जायचा वाचतो. विंचरण्याचा हा पहिला फायदा.

साधने आणि वेळ

यासाठी महागड्या संचाची गरज नाही. आखूड केसांच्या देशी मांजरासाठी रबरी दात्यांचा ब्रश आणि बारीक दातांची फणी एवढे पुरते. उवांसाठी घरोघरी वापरली जाणारी फणी मांजराच्या अंगावरील पिसवा शोधायलाही उपयोगी पडते. अर्थात ती मांजरासाठी वेगळी ठेवावी. लांब केसांसाठी गोल टोकांच्या, विरळ दातांचा धातूचा कंगवा आणि नंतर तारांचा मऊ ब्रश घ्यावा. याखेरीज नखांची कात्री, जुना पंचा, कापूस आणि मांजराच्या आवडीचा खाऊ जवळ असावा.

आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून एक-दोनदा, तर पर्शियन मांजराला रोज विंचरावे. मांजर जेवून सुस्तावलेले असेल ती वेळ उत्तम. सुरुवातीला दोन मिनिटे पुरेत. मांजराला स्वतःला चाटता येत नाहीत अशा जागांपासून, म्हणजे गाल, हनुवटी आणि कानांमागून प्रारंभ करावा, मग पाठीकडे जावे. पोट, काखा आणि जांघ शेवटी. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हात चालवावा.

मांजर नाराजीची सूचना आधीच देते. शेपटी झटकणे, कान मागे वळणे, पाठीची कातडी थरथरणे, बाहुल्या मोठ्या होणे या त्या खुणा. त्या दिसताच थांबावे. गच्च धरून काम पुरे करण्याचा हट्ट धरला, तर पुढच्या वेळी फणी पाहताच मांजर पलंगाखाली शिरते. पिल्लू असल्यापासून पंजे दाबणे, कान उलगडणे, ओठ वर करणे यांची सवय लावली, तर मोठेपणी ही कामे विनासायास होतात.

गुंत्याला कात्री नको

काखेत, कानांमागे, पोटाखाली आणि शेपटीच्या मुळाशी केसांचा गुंता होतो. तो वाढत गेला की त्याची नमद्यासारखी घट्ट जट बनते. ही जट कातडी सतत ओढत राहते, तिच्याखाली हवा लागत नाही आणि दमट हवेत तिथे जखम होते. छोटा गुंता बोटांनी सोडवावा. त्यावर थोडे मक्याचे पीठ भुरभुरावे, केसांचे मूळ दोन बोटांत धरावे म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि मग टोकाकडून मुळाकडे थोडे थोडे विंचरत जावे.

कात्री लावण्याचा मोह मात्र टाळावा. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट वर उचलली की कातडीही तिच्याबरोबर उचलली जाते आणि केसांसोबत तीही कापली जाते. मोठी जट पशुवैद्यांकडून किंवा जाणकार व्यक्तीकडून यंत्रानेच काढून घ्यावी. उन्हाळा आला म्हणून मांजराचे सरसकट मुंडण करणेही योग्य नाही. केसांचा थर उष्णतेपासून आणि उन्हाने कातडी भाजण्यापासून संरक्षण देतो. रोज विंचरून मृत केस काढले तरी मांजराला पुरेसा आराम मिळतो.

हाताने घ्यायची हजेरी

आठवड्यातून एकदा विंचरून झाल्यावर दोन्ही हात मानेपासून शेपटीपर्यंत, पोटाखालून आणि चारही पायांवरून सावकाश फिरवावेत. नवी गाठ, खपली, ओलसर जागा, केस गेलेला चट्टा, एखाद्या ठिकाणी हात लागताच मांजराचे दचकणे, यांची नोंद घ्यावी. न वांझोटवलेल्या भाटीच्या पोटावरील स्तनांच्या ओळी विशेष लक्ष देऊन चाचपाव्यात, कारण मांजरातील स्तनांच्या गाठी बहुतांशी कर्करोगाच्या निघतात. पांढऱ्या मांजराच्या कानांच्या टोकांवरील बरी न होणारी खपली हेही कातडीच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते.

केसांची अवस्थाही बोलकी असते. नेहमी टापटीप राहणाऱ्या मांजराच्या कमरेवरचे केस विस्कटलेले, तेलकट दिसू लागले, तर त्याला वळून चाटणे जमत नाही असे समजावे. उतारवयातील सांधेदुखी, दातांचे दुखणे किंवा स्थूलपणा ही त्याची नेहमीची कारणे होत. म्हातारे झाले म्हणून अस्वच्छ झाले, असे म्हणून सोडून देऊ नये. याउलट पोटाचे किंवा मांडीचे केस चाटून चाटून काढले जात असतील, तर पिसवा, ॲलर्जी, मूत्राशयाचे दुखणे वा घरातील बदलाचा ताण यांचा शोध घ्यावा लागतो.

वजनाची नोंद तर प्रत्येक घरात शक्य आहे. मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम वजन घटणे म्हणजे दहा टक्के घट होय. दाट केसांमुळे ती डोळ्यांना दिसत नाही. मूत्रपिंडाचे विकार, मधुमेह आणि थायरॉइडचा अतिरेक या आजारांची पहिली चाहूल अनेकदा काट्यावरच लागते.

पिसवा आणि गजकर्ण

पिसू दिसली नाही तरी तिची विष्ठा सापडते. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ते पचलेले रक्त, म्हणजे पिसवांचा पुरावा. फणीतल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. पिसू गिळल्याने मांजराला फीतकृमी होतात आणि पिसवांच्या विष्ठेतील जिवाणू नखांवाटे माणसापर्यंत पोहोचून ताप आणि गाठी आणतात. पिसवांची अंडी आणि अळ्या मांजरावर नसून अंथरुणात आणि फटींत असतात. म्हणून मांजराचे अंथरूण गरम पाण्यात धुणे आणि घर झाडून काढणे हा उपचाराचाच भाग होय.

पावसाळ्यात गजकर्णाकडे लक्ष द्यावे. कानांवर, चेहऱ्यावर किंवा पंजांवर केस गेलेले, कोंडा धरलेले गोल चट्टे दिसले, तर ही बुरशी असण्याची शक्यता असते. ती माणसांना, त्यातही लहान मुलांना लागते. अशा वेळी हातमोजे घालावेत, मांजराची फणी वेगळी ठेवावी आणि तपासणी करून घ्यावी. त्याआधी हळद वा अन्य लेप लावल्यास चट्टा झाकला जातो आणि निदान लांबते.

नखे : जिव्हाळी सांभाळा

मांजराच्या पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्या पंजांना चार-चार, अशी साधारणतः अठरा नखे असतात. घरात राहणाऱ्या मांजराची नखे दोन-तीन आठवड्यांनी कापावीत. पुढच्या पायाचे आतले, अंगठ्यासारखे नख जमिनीला टेकत नसल्याने झिजत नाही. म्हाताऱ्या मांजरात ते गोल वळून पंजाच्या गादीत घुसते, आणि मांजर लंगडू लागेपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पंजाची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येते. उजेडात पाहिल्यास आत गुलाबी जिव्हाळी दिसते. तिच्यापासून दोन मिलिमीटर पुढे, फक्त अणकुचीदार टोक कापावे. जिव्हाळी लागून रक्त आलेच, तर मक्याचे पीठ चिमटीने नखावर दाबून धरावे, काही मिनिटांत रक्त थांबते. अठराही नखे एकाच बैठकीत कापण्याची सक्ती नाही. रोज दोन कापली तरी चालतात. घरात ओरबाडण्यासाठी काथ्या गुंडाळलेला खांब असावा. नखे कायमची काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा विचारही करू नये. तीत प्रत्येक बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

कान, डोळे, दात

निरोगी कान आतून फिकट गुलाबी आणि गंधहीन असतो. कॉफीच्या चुऱ्यासारखा काळपट मळ आणि सतत कान खाजवणे हे कानातील माइट या सूक्ष्म परजीवींचे लक्षण आहे. त्यावर औषध लागते, तेल घालून भागत नाही. घरी फक्त दिसणारा भाग ओलसर कापसाने पुसावा. कानकाडी आत घालू नये. डोळ्यांसाठी उकळून कोमट केलेले पाणी आणि प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस वापरावा. चपट्या चेहऱ्याच्या पर्शियन मांजराचे डोळे रोज पुसावे लागतात. डोळा मिटून धरणे किंवा पिवळा-हिरवा स्राव दिसल्यास मात्र थांबू नये.

दातांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मार्जार आरोग्य केंद्राच्या माहितीनुसार, चार वर्षांवरील ५० ते ९० टक्के मांजरांना दातांचा कोणता ना कोणता विकार असतो. बोटावर गुंडाळलेल्या ओल्या कापडाने दात पुसण्यापासून सुरुवात करावी आणि पुढे मांजरांसाठीची पेस्ट वापरावी. माणसांची टूथपेस्ट नको, कारण मांजर चूळ भरत नाही, सारे गिळते.

आंघोळ केव्हा?

निरोगी, आखूड केसांच्या मांजराला आंघोळीची गरज सहसा नसते. अंगावर तेल, रंग वा रसायन सांडले, जुलाबाने अंग माखले किंवा पशुवैद्यांनी औषधी शाम्पू दिला, तरच ती घालावी. आधी विंचरून घ्यावे, कारण पाण्याने गुंता अधिक घट्ट होतो. टबात रबरी चटई किंवा जुना टॉवेल अंथरल्यास पाय घसरत नाहीत आणि निम्मी भीती कमी होते. पाणी कोमट, चार बोटे उंचीचे असावे. नळाची धार किंवा शॉवर न वापरता तांब्याने मानेपासून मागे पाणी घालावे. डोके भिजवू नये, ओल्या फडक्याने पुसावे. माणसाच्या त्वचेसाठी बनवलेला शाम्पू मांजराच्या कमी आम्लधर्मी त्वचेला कोरडी करतो, म्हणून मांजरांसाठीचाच घ्यावा आणि त्याचा अंशही राहणार नाही इतके धुवावे. राहिलेला शाम्पू अर्थातच पोटात जातो. त्यानंतर टॉवेलने टिपून, वारा नसलेल्या उबदार खोलीत ठेवावे.

घरातील विषे

निगा राखताना होणारे सर्वांत गंभीर अपघात चुकीच्या वस्तूमुळे होतात. अनेक रसायने शरीराबाहेर टाकण्यापूर्वी यकृताला त्यांना ग्लुकुरोनिक आम्लाची जोड द्यावी लागते. या कामाला लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे. त्यामुळे माणसाला किंवा कुत्र्याला सहज पचणारी वस्तू मांजराच्या शरीरात साचत राहते. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, ती याचमुळे.

पुढील वस्तू मांजरावर वापरू नयेत :

• कुत्र्यांसाठीची गोचीड-पिसवांची औषधे. त्यांतील परमेथ्रिन मांजराला घातक असते. काही तासांत कंप, झटके आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास मृत्यू ओढवतो. ‘लहान कुत्र्याचा निम्मा डोस’ हा हिशेब येथे चालत नाही. घरात कुत्राही असेल, तर त्याला असे औषध लावल्यावर मांजराला त्याच्यापासून दूर ठेवावे.

• फिनेल. ओल्या लादीवरून चालल्यावर मांजर पंजे चाटते. लादी साध्या पाण्याने पुन्हा पुसावी आणि वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

• टी ट्री, निलगिरी, लवंग यांची तेले, कापूर आणि डांबराच्या गोळ्या. ‘नैसर्गिक’ किंवा ‘घरगुती’ असल्याने ती निर्धोक ठरत नाहीत.

• रॉकेल आणि टर्पेंटाइन. ऑइल पेंट किंवा उंदीर पकडण्याचा चिकट गोंद केसांना लागल्यास खाद्यतेल चोळून तो सैल करावा आणि नंतर भांड्यांच्या सौम्य साबणाने धुवावे. तोवर मांजराला चाटू देऊ नये.

• लिलीची फुले. पुष्पगुच्छातील खऱ्या लिलीचे अंगावर पडलेले परागकण चाटल्यानेही मांजराचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. मांजर असलेल्या घरात ही फुले आणूच नयेत. धुळवड-रंगपंचमीला मांजराला बंद खोलीत ठेवावे.

चुकून औषध वा रसायन लागलेच, तर मांजर शुद्धीत आणि स्थिर असल्यास कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने ते लगेच धुवावे, पंचात गुंडाळावे आणि बाटली किंवा वेष्टन सोबत घेऊन दवाखाना गाठावा. झटके येत असतील, तर धुण्यात वेळ न घालवता थेट निघावे. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये.

ओरखडा किंवा चावा

निगा राखताना मांजर चावले वा त्याने ओरबाडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. मांजराच्या सुळ्यांची जखम बाहेरून लहान दिसते, पण खोल जाते आणि लवकर चिघळते. रेबीज मांजराकडूनही होऊ शकतो. म्हणून मांजराचे लसीकरण वेळच्या वेळी पूर्ण असावे, घराबाहेर न पडणाऱ्या मांजराचेही.

दवाखाना कधी गाठावा?

चोवीस तास काहीच न खाणे, तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, कंप किंवा झटके आणि लघवीसाठी वारंवार बसूनही थेंब न येणे, या अवस्थेत घरगुती उपायांत वेळ दवडू नये. बोक्याची लघवी अडणे एक-दोन दिवसांतच जिवावर बेतते. खाणे दोन-तीन दिवस बंद राहिल्यास, विशेषतः स्थूल मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ लागते. मुंबईत परळ येथील पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय येथे उपचारांची सोय आहे. इतर शहरांतही जवळच्या दवाखान्याचा आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या पशुवैद्यांचा क्रमांक आधीच टिपून ठेवावा.

आठवड्याला पंधरा-वीस मिनिटे, एक फणी, एक कात्री आणि वजनाची वही एवढाच हा खर्च आहे. अंगाला काही लावण्यापूर्वी ‘हे मांजराच्या पोटात गेले तर चालेल काय’ हा प्रश्न विचारावा. उत्तर ठाऊक नसेल, तर ती बाटली बंदच ठेवावी आणि पशुवैद्यांना विचारावे.